नीट न टिकलेला जीवाश्म मासा: ओळख नेमकी कुठपर्यंत न्यायची?

अश्मवेडी

नमस्कार मंडळी. एका जुन्या संग्रहातल्या जीवाश्मांची यादी लावायचं काम सध्या माझ्याकडे आहे आणि एका माशापाशी येऊन गाडी अडलीय. मूळ लेबल गायब, कुठल्या खाणीतला कुठल्या थरातला काही नोंद नाही, फक्त डब्यावर कोणीतरी पेन्सिलीने "नाइटिया?" एवढंच लिहून ठेवलंय. इथे माशांवाले दोघं-तिघं आहेत आणि खडकवाले तर बरेच, म्हणून विचारतेय.

दगड फिकट पिवळसर, अगदी बारीक कणांचा, पापुद्रे सुटणारा, पातळ ॲसिडचा थेंब टाकला की फसफसतो. मासा आडवा पडलेला, लांबी साधारण ११ सेंटीमीटर. डोक्याच्या जागी तपकिरी डाग आणि हाडांचा चुरा, त्यात एक डोळ्याची खोबण असावी असं वाटतं पण पैजेवर सांगणार नाही. शेपटीकडचे मणके सुंदर आहेत, एकेक मोजून घ्या, पण पोटाकडे येता येता विस्कटत जातात आणि बरगड्या तर कुठच्या कुठे. पाठीचा पर नाहीये, पण त्याला आतून आधार देणाऱ्या काड्यांचे ठसे आहेत. शेपटीचा वरचा भाग दगडाच्या काठाबरोबर तुटून गेलाय, खालचा शाबूत आहे. खवले दिसत नाहीत. दात दिसत नाहीत.

यादीत "प्रजाती" असा एक रकाना आहे आणि तो रिकामा ठेवलेला कोणालाच आवडत नाही. माझं मत असं की जेवढं दगडात आहे तेवढंच लिहायचं, त्यापुढे एक अक्षर नाही. पण जेवढं दगडात आहे ते वर्गीकरणात नक्की कुठपर्यंत नेतं हे मला नीट समजून घ्यायचंय. फोटो जोडलेत.

कुतूहल

मी यातला तज्ज्ञ वगैरे नाही पण नेटवर असे पिवळसर दगडातले मासे बघितले की बहुतेक सगळे नाइटियाच निघतात, अमेरिकेतल्या वायोमिंगच्या ग्रीन रिव्हर थरांमधले, पाच कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचे. तो तिथला राज्य जीवाश्मसुद्धा आहे. मग पेन्सिलवाल्याचं बरोबरच असेल की? दुसरी शंका, खवले नाहीत म्हणता तर मग बिनखवल्यांच्या माशांपैकी, कॅटफिशसारखा काही असू शकेल का?

शेलमधला

@कुतूहल, शंका चांगली आहे आणि ही विचारणारे तुम्ही एकटे नाही, छापील शोधनिबंधांतही हेच झालेलं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"खवले दिसत नाहीत" आणि "खवले नव्हते" ह्या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. गटांचा तक्ता बनवताना प्रत्येक लक्षणाला आकडा देतात, ते लक्षण असलं तर १, नसलं तर ०, आणि भागच टिकला नसेल तर प्रश्नचिन्ह. सगळी मेख त्या ० आणि प्रश्नचिन्हात आहे. कुजून गेलेल्या माशाच्या रकान्यात तुम्ही ० भरलेत की संगणक बिचारा प्रामाणिकपणे समजतो की ह्या प्राण्याला ते लक्षण मुळात नव्हतंच, आणि त्याला उचलून वंशवृक्षाच्या बुंध्याकडे, आदिम माशांच्या जवळ नेऊन ठेवतो.

ह्यावर लेस्टर विद्यापीठातल्या सॅन्सम, गॅबट आणि पर्नेल यांचं काम आहे, २०१० साली नेचर ह्या विज्ञान नियतकालिकात आलेलं. त्यांनी ॲम्फिऑक्सस (माशासारखा दिसणारा, कणा नसलेला छोटा सागरी प्राणी) आणि लॅम्प्रेची (बिनजबड्याच्या, वाम मासळीसारख्या लांबुळक्या माशाची) पिल्लं मुद्दाम पाण्यात कुजवली आणि कुठलं लक्षण कधी नाहीसं होतं त्याची नोंद ठेवली. निघालं काय, तर ज्या बारीक लक्षणांवरून एखादा गट नेमका ओळखता येतो ती आधी जातात, आणि सगळ्याच कॉर्डेट प्राण्यांत असतात ती, म्हणजे पृष्ठरज्जू (पाठीतून जाणारा लवचीक दांडा), स्नायूंच्या पट्ट्या वगैरे, शेवटपर्यंत टिकून राहतात. म्हणजे मासा जितका जास्त कुजला तितका तो जास्त आदिम दिसायला लागतो! कुजणं सगळीकडे सारखं झालं असतं तर नुसती माहिती कमी झाली असती, पण इथे कुजण्याला दिशा आहे आणि ती दिशा दरवेळी बुंध्याकडेच ढकलते. मला वाटतं खराब जीवाश्मांवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हा निबंध एकदा तरी वाचायलाच हवा.

आता हे प्रयोग मऊ अंगाच्या प्राण्यांवर होते आणि अश्मवेडींचा मासा हाडांचा आहे हे मान्य. तरी तत्त्व लागू पडतंच. पातळ खवले, कवटीतल्या बारीक नळ्या, पराची टोकं हे आधी जाणार आणि मणके राहणार.

रानवाटा

वाचतेय. छान धागा. खडकाच्या बाजूने थोडी भर घालते.

शेपटी शाबूत आणि पोट-डोकं विस्कटलेलं, यावरून मासा मेल्यावर काय घडलं याचाही अंदाज बांधता येतो. मेलेल्या माशाच्या पोटात वायू तयार होतो. पाणी कोमट असेल, साधारण १६ अंशांच्या वर, आणि फार खोल नसेल तर मासा फुगून वर येतो, तरंगत राहतो आणि तरंगता तरंगता एकेक भाग खाली गळत जातो, जबडा, कवटीची सुटी हाडं असं. पाणी थंड किंवा खोल असेल तर तो तळालाच राहतो आणि जागच्या जागी गाडला जातो. तुमच्या माशाच्या बरगड्या तिथेच आजूबाजूला पसरल्यात की साफ गायब आहेत? आजूबाजूला असतील तर तो तळाशीच फुटला असावा, आणि मग खवलेही तिथेच कुठेतरी असायला हवेत. दगडात शोधा, मिळतील.

आणि हो, दगड दुभंगतो तेव्हा माशाचे दोन अर्धे होतात आणि बऱ्याचदा चांगलं हाड दुसऱ्या अर्ध्याला चिकटून जातं. तुमच्याकडे फक्त एकच पाटी आहे का? त्याच कपाटात आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी पाटी पडलेली नाही ना हे आधी बघा, जुन्या संग्रहांत दोन अर्ध्यांना दोन वेगळे क्रमांक दिलेले असतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

मत्स्यगंधा

अश्मवेडी ताई, फोटो पाहिले. वरून सरळ प्रकाश टाकून काढलेत ना? त्यात काही कळत नाही. अंधाऱ्या खोलीत एकच दिवा घ्या, दगडाच्या पातळीला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश पाडा आणि दिवा हळूहळू गोल फिरवत न्या. केसाएवढा उंचवटा असला तरी त्याची सावली पडते. एका बाजूने काहीच दिसत नाही आणि दिवा पाव फेरा सरकला की अख्खी खवल्यांची रांग उभी राहते, हे मी स्वतः कितीदा अनुभवलंय. दुसरं म्हणजे अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मिळाली तर तीही मारून बघा, चुनखडीत हाड बऱ्याचदा वेगळ्या रंगात चमकतं आणि डाग कुठे संपतो, हाड कुठे सुरू होतं ते कळतं. डोळ्यांना चष्मा लावायला विसरू नका.

आत्ताच्या फोटोंवरून जे नक्की सांगता येतं ते सांगते. शेवटचे मणके वर वळलेत आणि त्यांच्याखाली पंख्यासारखी चपटी हाडं आहेत, त्यांना हायपुरल म्हणतात. शार्क किंवा स्टर्जनसारख्या माशांत कणा शेपटीच्या वरच्या पाळीत लांबवर जातो, इथे तो आखडून संपलाय, म्हणजे वरची पाळी तुटलेली असली तरी ती खालच्या पाळीसारखीच असणार. मणके पूर्ण हाडाचे झालेत. म्हणजे टेलिओस्ट, आजच्या बहुतेक हाडाळ माशांचा मोठा गट. एवढं मी आत्ता ह्या क्षणाला सही करून द्यायला तयार आहे. पण टेलिओस्ट म्हणजे हजारो प्रजाती, त्यामुळे ते अजून कुठेच पोचलेलं नाही.

"दात नाहीत" हे विसरून जा. डोकंच नाही तर दात कुठून दिसणार. आणि कॅटफिशचं म्हणाल तर त्यांच्या पाठीच्या आणि छातीच्या परांना पुढे जाड मजबूत काटे असतात, ते सहसा सगळ्यात आधी नजरेत भरतात. त्या असलेल्या गोष्टी शोधा, नसलेल्या नव्हे.

दगडफोड्या

भारी चर्चा. यावरून लुई अगासीचा किस्सा आठवला, त्याच्या बायकोने लिहिलेल्या चरित्रात आहे. पॅरिसमध्ये असताना एका पाटीवरच्या अस्पष्ट माशाने त्याला दोन आठवडे छळलं, शेवटी कंटाळून बाजूला ठेवला. मग रात्री स्वप्नात तो मासा पूर्ण दिसला, सकाळी काही आठवेना. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री उशाशी कागद पेन्सिल ठेवून झोपला, अंधारातच चित्र काढलं आणि सकाळी त्या चित्राच्या भरवशावर छिन्नीने दगड फोडत गेला, तर खाली खरंच तसेच भाग निघाले! १८३३ ते १८४३ मध्ये जीवाश्म माशांवरचा भलामोठा ग्रंथ त्यानेच काढला, त्यात खवल्यांवरून माशांचे चार गट पाडले होते.

मला यातून एवढंच म्हणायचंय की तुमच्याही दगडात अजून झाकलेलं काही असू शकतं. खराब टिकलेला मासा आणि अर्धवट साफ केलेला मासा यात फरक आहे. सुईने बारीक काम करणारा माणूस मिळाला तर डोक्याच्या बाजूला थोडं उघडून बघा.

शेलमधला

@दगडफोड्या किस्सा मस्त, पण छिन्नी सगळ्यात शेवटी हो. आधी प्रकाश, मग सूक्ष्मदर्शक, मग बाकीचं.

धागा चाललाच आहे तर ज्या माशाने ह्या प्रश्नावर सगळ्यांचा घाम काढलाय त्याच्याबद्दल लिहितो, कारण अश्मवेडींच्या "रिकामा रकाना" ह्या अडचणीचं याच्याइतकं मोठं उदाहरण मला माहीत नाही.

पॅलिओस्पॉन्डिलस गुनाय. उत्तर स्कॉटलंडमध्ये केथनेस भागात अखानारस नावाची फरशीच्या दगडाची खाण आहे, तिथला. मध्य डेव्होनियन काळ, ३९ कोटी वर्षांच्या आसपास, तेव्हा तिथे प्रचंड मोठं तळं होतं. रॅम्से ट्रॅक्वेअरने १८९० मध्ये याचं वर्णन केलं. मासा जेमतेम बोटाएवढा, पाच-सहा सेंटीमीटर. काळा, चपटा झालेला. मणक्यांची माळ अगदी स्पष्ट, शेपटीचा पर स्पष्ट, कवटी आहे पण दाबून सपाट झालेली आणि तिचे भाग कोणाचे काय हेच लागत नाही. दात नाहीत, बाहेरची हाडाची कवचं नाहीत, खवले नाहीत. आणि नमुने काय एक-दोन नाहीयेत, ढिगाने मिळालेत, सगळे असेच!

आता हा कुठे कुठे बसवला गेला बघा. ट्रॅक्वेअरला तो लॅम्प्रे-हॅगफिशच्या, म्हणजे बिनजबड्यांच्या माशांच्या जवळचा वाटला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोलस आणि त्यांची मुलगी इगर्ना यांनी एक नमुना थराथराने घासत नेला, प्रत्येक थराचं चित्र काढलं आणि त्यावरून कवटीचं मोठं मॉडेल उभं केलं. केवढी चिकाटी! नमुना मात्र त्यात संपला. पुढे कोणी त्याला कवचवाल्या प्लॅकोडर्ममध्ये टाकलं, कोणी शार्कच्या बाजूला नेलं. मग २००३ मध्ये निबंध आला की ही लंगफिशची, म्हणजे फुप्फुसानेही श्वास घेणाऱ्या माशाची, अळी अवस्था आहे, कारण त्याच खाणीत डिप्टेरस नावाचा लंगफिश भरपूर मिळतो आणि त्याची पिल्लं मात्र दिसत नाहीत. कल्पना किती सुंदर! पण २००७ मध्ये जॉस आणि जोहान्सन यांनी ऑस्ट्रेलियातल्या आजच्या लंगफिशची पिल्लं वाढताना तपासली, त्यांच्यात दातांच्या पट्ट्या फार लवकर तयार होतात आणि मणक्यांची अशी गोल कडी बनत नाहीत. इथे बरोबर उलटं, दात नाहीत आणि कडी ठसठशीत. २०१६ मध्ये परत हॅगफिश. २०१७ मध्ये त्यावर आक्षेप.

आणि २०२२ मध्ये जपानच्या हिरासावा आणि सहकाऱ्यांनी जे केलं ते मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. बहुतेक नमुन्यांत दगड दुभंगतो तिथेच डोकं उघडं पडतं आणि खराब होतं. म्हणून त्यांनी मुद्दाम असे नमुने निवडले ज्यांचं डोकं अजून पूर्ण दगडात झाकलेलं होतं, आणि ते जपानच्या स्प्रिंग-८ ह्या सिंक्रोट्रॉनवर (अतिशय प्रखर एक्स-रे तयार करणारं अवाढव्य यंत्र) एक्स-रेने न फोडता आतून बघितले. त्यांचा निष्कर्ष, हा चार पायांच्या प्राण्यांच्या पूर्वज शाखेच्या जवळचा. म्हणजे हॅगफिशपासून थेट आपल्या बाजूला! दात आणि कवचहाडं का नाहीत, तर ती उत्क्रांतीत गेली असतील किंवा प्राणी अळीसारख्या अवस्थेतच थांबला असेल, असं त्यांनी मांडलं. त्यावरही आक्षेप आलेच, वाद चालू आहे.

सव्वाशेहून जास्त वर्षं, इतके हुशार लोक, आणि मासा जवळजवळ अख्ख्या झाडावर फिरून आलाय. यातला एक धागा बघा, दरवेळी गाडी अडते ती नसलेल्या गोष्टींवर. दात नाहीत ते मुळात नव्हते म्हणून, की अजून आले नव्हते म्हणून, की टिकले नाहीत म्हणून? तीन उत्तरं, तीन वेगळ्या फांद्या. ज्यांनी असलेल्या गोष्टी अधिक बारकाईने दाखवल्या, मणक्याची रचना, कवटीचं कूर्चेचं जाळं, त्यांचंच काम पुढच्यांना वापरता आलं, मग त्यांचा निष्कर्ष टिको न टिको.

वाचनमात्र

शेलमधला, प्रतिसाद प्रचंड आवडला. वाचनखूण साठवली. अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या टली मॉन्स्टर नावाच्या विचित्र जीवाश्म प्राण्याचंही असंच झालंय ना?

शेलमधला

हो, तोही त्याच माळेतला. १९६६ मध्ये नाव मिळालं, अनेक वर्षं कोणालाच ठाव लागेना, २०१६ मध्ये नेचरमध्ये एकापाठोपाठ दोन निबंध आले की हा लॅम्प्रेच्या नात्यातला पृष्ठवंशीय आहे, एकात पृष्ठरज्जूचा ठसा आणि दुसऱ्यात डोळ्यातले रंगकण हा आधार. २०१७ मध्ये सॅलन आणि इतरांनी ते अमान्य केलं आणि २०२३ मध्ये जपानी गटाने त्रिमितीय स्कॅन करून तो पृष्ठवंशीय नाहीच असं मांडलं. मासा आहे की नाही इथपासूनच वाद, त्यामुळे ह्या धाग्यात फार खोलात जात नाही.

अश्मवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. मत्स्यगंधा ताई, तुम्ही सांगितलं तसं केलं आणि हातात बरंच काही आलंय, त्यामुळे घाईने लिहितेय.

एक, दुसरा अर्धा नाही, कपाटं पालथी घातली. दोन, बरगड्या पोटाच्या आसपासच पसरल्यात, दूर कुठे गेलेल्या नाहीत. तीन, खवले आहेत! दिवा शेपटीकडून लावल्यावर पोटाच्या वरच्या भागात पातळ, गोल ठसे दिसतात, एकावर एक चढलेले, त्यांवर कडेला समांतर अशा बारीक रेषा, मागची कड गुळगुळीत, दातेरी नाही. हाड काहीच उरलेलं नाही, नुसता ठसा. वरून प्रकाश टाकला की पुसल्यासारखे नाहीसे होतात.

चार, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतंय. पोटाच्या अगदी खालच्या धारेवर जाडसर टोकदार तुकड्यांची रांग आहे. प्रत्येक तुकड्याचं टोक मागे शेपटीकडे, आणि प्रत्येकातून एक बारीक काडी वर बरगड्यांच्या दिशेने गेलीय. मधे दोन-तीन उलटे पडलेत आणि त्यात दिसतं की काडी दोन्ही बाजूंना आहे, तुकडा मधोमध दुमडल्यासारखा. आधी मी ह्यांना तुटलेल्या बरगड्या समजून सोडून देणार होते पण रांग इतकी शिस्तीत आहे की ते शक्यच नाही. नवीन फोटो टाकलेत.

मत्स्यगंधा

अगं बाई! ताई, हे स्क्यूट आहेत, म्हणजे पोटाच्या धारेवरचे हाडाळ, टोकदार खवले. काय सुंदर दिसतायत तिसऱ्या फोटोत.

आता बोलता येईल. पोटाच्या मधल्या रेषेवर बसलेले, एकाच तुकड्याचे, दोन्ही अंगांना भुजा असलेले स्क्यूट ही क्लुपिओमॉर्फा गटाची ओळखीची खूण आहे. म्हणजे तारली, हिलसा, मांदेली, हेरिंग यांचं मोठं घराणं आणि त्यांचे नामशेष भाऊबंद. ताज्या तारलीच्या पोटावरून शेपटीकडून डोक्याकडे बोट नेलं की खरखर लागते ना, तेच हे. गोल सायक्लॉइड खवलेही त्याच्याशी जुळतात, पण सायक्लॉइड खवले कितीतरी गटांत असतात म्हणून त्यांच्यावर वजन टाकू नका, वजन स्क्यूटवर.

पेन्सिलीतल्या नाइटियाबद्दल, तोही ह्याच घराण्यातला, त्यामुळे लिहिणाऱ्याने बहुतेक हे स्क्यूट पाहिलेले असणार, नुसता रंग बघून लिहिलेलं नाही. पण ग्रीन रिव्हरमध्येच डिप्लोमिस्टस नावाचा दुसरा मासा मिळतो, त्यालाही पोटावर स्क्यूट आहेत, तो मात्र वेगळ्या, आज पूर्ण नामशेष झालेल्या गणातला. त्या दोघांत फरक कशावरून करतात, तर तोंड वर वळलेलं आहे का, पाठीवरच्या स्क्यूटचा आकार कसा, गुदपर किती लांब. तुमच्याकडे तोंड नाही, पाठीची धार नाही, गुदपर अर्धा. शिवाय दगड ग्रीन रिव्हरचाच आहे हे तरी कुठे माहितीय. म्हणून प्रजातीच्या रकान्यात नाइटिया लिहायला माझा सक्त विरोध.

आणखी खाली उतरायचं तर आजच्या हेरिंगच्या गणाची पक्की खूण कवटीत असते. डोळ्याच्या मागे, कानाच्या भागात एक पोकळी, तिच्यात डोक्यावरच्या संवेदी नळ्या येऊन मिळतात. आणि कवटीचा तर चुरा. नेमकं जे हवं तेच गेलंय, शेलमधला म्हणतात तसं.

पण शेपटीत एक संधी आहे. हेरिंग-मांदेलीच्या उपगणात, क्लुपिऑइडेईमध्ये, पहिलं हायपुरल हाड, म्हणजे पंख्यातलं सगळ्यात खालचं, मणक्याला टेकलेलं नसतं, मधे स्पष्ट फट असते. तुमची खालची पाळी शाबूत आहे. सूक्ष्मदर्शकाखाली तेवढं बघा ना.

अश्मवेडी

लगेच जाऊन बघितलं. फट आहे. पहिल्या हायपुरलचं मणक्याकडचं टोक आणि मणका यांच्यात दगड दिसतो, रुंदी त्या हाडाच्या जाडीपेक्षा जास्तच.

शेलमधला

थांबा थांबा, इथे सावध व्हायला हवं. ज्या माशाच्या बरगड्या सुटून पसरल्यात त्याच्या शेपटीत दोन हाडांमधे फट दिसली तर ती जन्मजात की कुजताना पडलेली? एखादी गोष्ट नसणं जसं कुजण्याने येतं तसं अंतरही कुजण्याने येतंच. मी ह्या एका फटीवर उपगण लिहायला तयार नाही.

मत्स्यगंधा

शंका अगदी रास्त. पण ती तपासता येते, नुसती शंका म्हणून सोडायला नको. कुजून सैल झालं असेल तर शेजारची हाडंही सैल झालेली असणार. ताई, तीन गोष्टी बघा. दुसरं हायपुरल मणक्याला जोडलेलं आहे का. पहिल्याच्या खालचं हाड, पॅरहायपुरल, ते आपल्या मणक्यापाशी आहे का. आणि पहिल्याचं जे मोकळं टोक आहे ते मोडल्यासारखं खडबडीत आहे की निमुळतं होऊन नीट संपलेलं.

रानवाटा

हे फार आवडलं. अजून एक जोडा, त्या हाडावर टेकलेले पराचे किरण जागेवर आहेत की सरकलेत तेही पाहा. हाड सरकलं असेल तर किरणही त्याच्याबरोबर तिरके झालेले दिसतील, बाकीच्या किरणांशी कोन जुळणार नाही.

कुतूहल

मला वाटलं होतं मासा ओळखणं म्हणजे पुस्तकातल्या चित्राशी ताडून बघणं. एका फटीवर एवढा खल! पॉपकॉर्न वगैरे म्हणणार नाही, वही घेऊन बसलोय. अश्मवेडी, लवकर लिहा.

अश्मवेडी

आज दिवसभर त्याच कोपऱ्यावर होते. दुसरं हायपुरल मणक्याला घट्ट जुळलेलं आहे, मधे रेषसुद्धा दिसत नाही. पॅरहायपुरल जागेवर, त्याच्या अलीकडच्या तीन मणक्यांचे खालचे काटेही जागेवर. पहिल्या हायपुरलचं टोक निमुळतं, गोलसर, कडेला हाडाचा चकचकीत थर टोकापर्यंत सलग गेलाय, मोडल्याची खूण नाही. त्यावरचे किरण शेजारच्यांशी समांतर. म्हणजे विस्कटणं पोटाशी थांबलंय, शेपटीपर्यंत पोचलेलंच नाही.

वरच्या पाळीची हाडं नाहीत त्यामुळे शेपटीतल्या बाकीच्या खुणा, उदाहरणार्थ शेवटच्या मणक्यांना वरून चिकटणारं युरोन्यूरल हाड, तपासता येत नाहीत.

शेलमधला

मग मी माझा आक्षेप निम्मा मागे घेतो. फट खरी आहे हे मान्य. तरी लक्षण एकच आहे आणि त्याला दुजोरा देणारी वरची हाडं गेलीत, तेव्हा उपगणापुढे प्रश्नचिन्ह राहू द्या. नुसतं "क्लुपिओमॉर्फा" हे बिनशंकेचं आणि "क्लुपिऑइडेई?" हे प्रश्नचिन्हासकट. त्याखाली कुळ, प्रजाती दोन्हीकडे "अनिश्चित". हे वाचणाऱ्या पुढच्या माणसाला कुठे पाय घट्ट रोवता येईल आणि कुठे चाचपायचं हे लगेच कळेल.

मत्स्यगंधा

सहमत. आणि प्रत्येक पातळीसमोर आधार लिहा, म्हणजे क्लुपिओमॉर्फा, कशावरून तर पोटाचे स्क्यूट. क्लुपिऑइडेई, कशावरून तर पहिल्या हायपुरलची फट. नुसतं नाव लिहिलं तर दहा वर्षांनी कोणालाही ते परत पहिल्यापासून तपासत बसावं लागतं.

दगडफोड्या

आणि बाजूच्या प्रकाशातले फोटो यादीबरोबर जोडा हो, दिवा कुठल्या बाजूला होता ते लिहून. नाहीतर उद्या कोणीतरी वरून प्रकाश टाकून बघेल आणि म्हणेल कसले खवले, कुठले खवले.

अश्मवेडी

फोटो दिव्याच्या दिशेसकट जोडते. यादीत असं घातलंय:

टेलिओस्टेई, शेपटीच्या हाडांवरून. क्लुपिओमॉर्फा, पोटाच्या एकसंध स्क्यूटवरून. क्लुपिऑइडेई?, पहिल्या हायपुरल आणि मणक्यामधल्या फटीवरून, वरची पाळी तुटलेली असल्याने प्रश्नचिन्ह. कुळ आणि प्रजाती अनिश्चित. जुनी पेन्सिलीतली नोंद "नाइटिया?" जशीच्या तशी, कोणी लिहिली अज्ञात. डोकं, दात, पाठीची धार: टिकलेलं नाही. नुसतं "नाही" असं कुठेही लिहिलेलं नाही.

आता राहिलं वय आणि ठिकाण. दगडाच्या मागच्या बाजूने, माशापासून लांब, थोडा चुरा काढता येईल असं वाटतंय. त्यात काही सापडू शकेल का?

रानवाटा

नक्की सापडू शकेल. बारीक कणांच्या चुनखडीत बऱ्याचदा ऑस्ट्रॅकॉडची (शिंपल्यासारखं कवच असलेल्या बारीक जलचरांची) कवचं असतात, गोड्या पाण्यातले आणि समुद्रातले वेगवेगळे ओळखता येतात, आणि नशीब असेल तर परागकणही टिकलेले असतात, त्यांवरून काळ बराच आवळता येतो. नखाएवढा तुकडा पुरतो. काढण्याआधी त्या जागेचा फोटो घ्या आणि तुकड्याच्या पिशवीवर पाटीचाच क्रमांक टाका. परागकणांसाठी द्यायचा तुकडा उघड्यावर ठेवू नका, आजच्या हवेतले पराग त्यात मिसळतात. बंद पिशवीत, काढल्या काढल्या.

अश्मवेडी

मागच्या कडेला एक पापुद्रा आधीच सुटलेला आहे, त्याच्या आतल्या बाजूचा घेते म्हणजे नवीन घाव घालायला नको. निकाल आला की ह्याच धाग्यात लिहीन.